पिल्लाची लस आणि 'रिअ‍ॅक्शन'ची धास्ती : पार्श्वभूमी

कुत्र्याच्या सुईची आपल्याकडची धास्ती मुळात माणसांच्या सुईतून आली. मेंढीच्या मेंदूपासून केलेली रेबीजची लस, पोटात चौदा इंजेक्शनं, आणि क्वचित त्या लशीमुळेच येणारा लुळेपणा. ती २००५ च्या सुमारास देशात बंद झाली. तरी लस टोचून आणलेलं पिल्लू सोफ्याखाली गप्प पडून राहिलं की घरातली जुनी माणसं तीच गोष्ट काढतात.

पिल्लांच्या लशीनंही एके काळी त्रास दिला होता. कुत्र्यांच्या संसर्गजन्य काविळीवरची सुरुवातीची जिवंत लस दिल्यावर काही कुत्र्यांच्या बुबुळावर निळसर पडदा येई. पुढे त्याच कुळातला दुसरा, सौम्य विषाणू वापरात आला आणि ती तक्रार जवळपास संपली.

लस ऐच्छिक राहिली नाही ती पार्व्होमुळे. १९७८ मध्ये जगभर दिसू लागलेला हा आजार थोड्याच वर्षांत भारतातही पोचला. रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं गेलेलं ज्यांनी पाहिलंय, ते सुईनंतरच्या कणकणीची तक्रार करत नाहीत. त्यानंतर अनेक आजार एकाच सुईत बसवण्याची चढाओढ लागली आणि 'फाइव्ह-इन-वन', 'सेव्हन-इन-वन', 'नाइन-इन-वन' अशी नावं रुळली. आकडा मोठा तेवढी लस भारी, असा समज आहे. प्रत्यक्षात फरक बराचसा लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा जिवाणूंचा आजार) किती प्रकार मोजले आणि कुत्र्यांचा कोरोना धरला की नाही, एवढाच असतो. या कोरोनाच्या लशीची शिफारस तर जागतिक मार्गदर्शक सूचनाही करत नाहीत.

दरम्यान कुत्री लहान झाली. अल्सेशियन आणि लॅब्राडॉर बंगल्यांत राहिले. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतल्या पगनं फ्लॅटची दारं उघडली आणि मागोमाग शिह त्झू आले. नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडच्या सोसायट्यांत आज हेच जास्त दिसतात. २००५ मध्ये अमेरिकेत सुमारे १२ लाख कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लशीनंतर तीन दिवसांत त्रास झाल्याचं प्रमाण दर दहा हजारांत साधारण ३८ निघालं. पण जात जितकी लहान आणि एका भेटीत टोचलेल्या लशी जितक्या जास्त, तितका धोका वाढत होता.

नाशिकमधला खरा वाद इथेच आहे : लेप्टो त्याच दिवशी द्यायचं की वेगळं? टेबलावर दोन बाटल्या असतात. एकीत पांढरी वाळलेली वडी, म्हणजे डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक घातक विषाणूजन्य आजार) आणि पार्व्होची जिवंत लस, दुसरीत पाणी. बऱ्याच कंपन्यांच्या लशीत हे पाणी नुसतं पाणी नसून तीच लेप्टोची लस असते. डॉक्टरांनी त्याऐवजी साधं निर्जंतुक पाणी वापरलं तर लेप्टो वगळता येतं. जिवाणूंपासून केलेल्या जुन्या लेप्टो लशींनी लहान जातींत अंगावर गांधी उठण्याची बदनामी ओढवून घेतली होती. आताच्या जास्त शुद्ध आहेत, पण नाव अजून धुतलं गेलेलं नाही. लेप्टो टाळावं, असंही इथे म्हणता येत नाही. गोदेला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं ते शहर बघतं, आणि ते पाणी ओसरल्यावर सराफ बाजाराच्या बोळांत चिखलाबरोबर उंदीरही असतात. २०२४ च्या जागतिक सूचनांनी, जिथे हा आजार आहे तिथे लेप्टो आवश्यक लशींत धरलं.

म्हणजे लेप्टो द्यायचं, पण लहान जातीच्या पिल्लाला रेबीज आणि बाकीच्यांपासून दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, हे शहाणपणाचं वाटतं. डॉक्टरांची अडचणही खोटी नाही : दुसऱ्या फेरीला बरेच लोक येतच नाहीत, म्हणून ते एकाच दिवशी उरकतात. 'छोटं आहे, अर्धाच डोस द्या' ही मागणी मात्र सपशेल चुकीची. अर्ध्या डोसानं संरक्षण मिळेल याची खात्री नसते.

आणखी एक स्थानिक खोड म्हणजे वेळ. ऑफिस सुटल्यावर आठ वाजता लस, आणि अकराला तोंड सुजलं तर उघडा दवाखाना शोधत कॉलेज रोड पालथा. लस सकाळी घ्यावी आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बाकावर बसावं.

दिवस-दोन दिवस सुस्ती, थोडा ताप, कमी खाणं, टोचल्या जागी दुखणं हे चालतं. छोटी गाठ राहिली तर नुसतं लक्ष ठेवायचं. ती वाढत गेली किंवा तीन आठवड्यांनीही बसली नाही तर दाखवायची. डोळे-ओठ सुजले, गांधी उठल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. परत परत उलटी-जुलाब, हिरड्या पांढऱ्या, धाप, कोसळणं, यांत फोनवर सल्ला विचारत बसायचं नाही, उचलून निघायचं. कुत्र्यांत जीवघेण्या अ‍ॅलर्जीची सुरुवात पुष्कळदा उलटी-जुलाबानंच होते, आणि घरचे 'काहीतरी खाल्लं असेल' म्हणून थांबतात. तापावर आपली क्रोसिन-ब्रुफेन देऊ नये. ब्रुफेन कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक ठरतं. लशीच्या बुकलेटात बाटलीवरचं जे स्टिकर चिकटवतात, त्याच्याच शेजारी काय झालं आणि किती वाजता, ते पेनानं लिहून घ्यायला सांगावं. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असले तरी त्यांना ते दिसतं.