देवबागचं शांत पाणी आलं कुठून?

शुक्रवारी रात्री पुण्यात स्वारगेटहून किंवा बायपासवरून दक्षिणेकडे सुटणाऱ्या गाड्यांत हल्ली मालवणची एक तरी हमखास असते. पूर्वी सिंधुदुर्ग किल्ला, सोलकढी आणि सुरमई एवढ्यावर ही सहल भागायची. आता मागणी वेगळी आहे: जिथे लाट नाही, तळाची वाळू दिसते आणि छातीभर पाण्यात निवांत तरंगता येतं अशी जागा हवी असते. त्यासाठी देवबागचा संगम, तळाशीलची खाडीकडची बाजू, भोगवे आणि निवतीच्या खडकांमधलं पाणी अशी नावं एकमेकांना सांगितली जातात, आणि सोबत 'अजून कुणाला माहीत नाही' हे पालुपदही असतं. माहीत सगळ्यांना होतं. तिथे पोहायला कुणी जात नव्हतं, इतकंच.

आधी वाळूकडे पाहू. रायगडच्या किनाऱ्यावर वाळू काळपट असते, कारण तिथे डोंगर बेसॉल्टचे. देवगडच्या दक्षिणेला हा काळा दगड संपत जातो आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याच्याहून कितीतरी जुने खडक वर येतात: ग्रॅनाइटी पट्टिताश्म, वालुकाश्म, क्वार्टझाइट. ते झिजले की पांढरट, चमकदार कण सुटतात. याच जिल्ह्यात कासार्डे परिसरात काचेच्या कारखान्यांसाठी सिलिका वाळू काढतात, यावरून काय ते समजावं. तारकर्लीचं पाणी निळंहिरवं दिसतं त्यात पाण्याच्या स्वच्छतेइतकाच तळाच्या या फिक्या वाळूचा हात आहे.

दुसरी गोष्ट भरतीची. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. दक्षिणेकडे सरकावं तसा हा फरक कमी होतो आणि मालवणला तो साधारण दोन मीटरवर येतो. भरती-ओहोटीचा जोर जिथे कमी, तिथे लाटांनी किनाऱ्याच्या कडेकडेने वाहून आणलेली वाळू नदीच्या तोंडाशी साठायला वाव मिळतो. कर्ली नदी सह्याद्रीतून उतरून समुद्राकडे येते, पण थेट त्यात पडत नाही. वाळूचा एक लांबच लांब दांडा तिला आडवा येतो. त्याच्या मागून ती किनाऱ्याला समांतर वाहते आणि टोकाशी जाऊन एकदाची समुद्राला मिळते. या दांड्यावर देवबाग वसलं आहे. गाव ठिकठिकाणी इतकं चिंचोळं आहे की पुढच्या अंगणात समुद्राची गाज ऐकू येते आणि मागच्या परसात होडी बांधलेली असते. गड नदीच्या कालावल खाडीपुढे तळाशीलचा दांडा आहे, त्याची घडणही अशीच. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'वाळूचे दांडे व खाजणे' (दांड्यामागे अडलेलं खारं पाणी ते खाजण) असा धडा पाठ केला होता, तो इथे चालत पाहता येतो.

म्हणजे ज्या शांत पाण्याचं अप्रूप, ते वाळूच्या आडोशाचं पाणी. आणि आडोसा पक्का नाही. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की टोकाची वाळू फुटते, वाहून जाते; दिवाळीनंतर समुद्र निवळला की पुन्हा भरते. मागच्या मे महिन्यात कमरेएवढं पाणी होतं तिथे या डिसेंबरात पाय टेकतील याची हमी स्थानिक होडीवालाही देत नाही.

गावाच्या लेखी या जागांचा उपयोग वेगळाच होता. समुद्राकडची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, रापणीची: होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या रांगांनी ते किनाऱ्यावर ओढायचं. खाडीकडची बाजू होड्या लावायला, कालवं-तिसऱ्या हे शिंपले काढायला. खाजणात बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि भात काढायचं. शिरोड्याला खाडीकाठी मिठागरं होती आणि १९३० मध्ये तिथेच मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्रस्नान असे ते पर्वणीला. कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या यात्रेत देवांच्या स्वाऱ्या समुद्रावर स्नानाला जातात, माणसंही तेव्हाच डुबकी मारतात. मौजेचं पोहणं मात्र विहिरीत नाहीतर नदीच्या कोंडीत. समुद्रात उगाच उतरायचं नाही, हे दर्यावर्दी घरांतच अधिक कडकपणे पाळलं जाई.

पुण्याचा या टोकाशी तसा जुना घरोबा नाही. पुणेकरांचं कोकण म्हणजे श्रीवर्धन, हर्णै, मुरुड, गुहागर. ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरला की आलंच. मालवणची ये-जा मुंबई, कोल्हापूर आणि बेळगावशी. पुण्यात पोहायला शिकायचं ते पाठीला डबा किंवा भोपळा बांधून, विहिरीत नाहीतर मुठेच्या डोहात. मुठेचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. नदी गेली, वाड्यांच्या विहिरी बुजल्या, आणि उरले क्लोरीनचे तलाव, तेही पाऊण तासाच्या बॅचने. मोकळ्या पाण्याची ही भूक पुण्यापासून पावणेचारशे किलोमीटरपर्यंत पोचली, त्याला काही सरकारी तारखाही कारण आहेत.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. १९८७ मध्ये किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र धरून २९.१२ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि तो पूर्ण मावळलेला नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर मर्यादा घालणारी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. १९९७ मध्ये सिंधुदुर्गला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला आणि १९९८ पासून कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत अखंड धावू लागली. रेल्वेचा लाभ मुंबईकरांना जास्त झाला. पुणेकरांना तारलं ते कोल्हापूरपर्यंतच्या चौपदरी रस्त्याने. तिथून गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरला की न्याहारीला मालवणात. दरम्यान तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान झालं, खाडीत हाऊसबोटी आल्या, स्कूबा शिकवणारी संस्थाही उभी राहिली. रापणीच्या दोराला हात लावणाऱ्यांची मुलं लाइफ जॅकेट वाटू लागली. पैसा कुठे आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

'त्सुनामी आयलंड' ही यातली सगळ्यात चलतीची जागा. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेनंतर कर्लीच्या मुखाशी हा वाळूचा उंचवटा वर आला, असं गावात सांगतात. नदीच्या तोंडाशी असे उंचवटे त्सुनामीशिवायही होतात आणि मोडतात, तेव्हा ती लाट आली नसती तरी कधी ना कधी तिथे काहीतरी वर आलंच असतं असं मला वाटतं. पण नाव झकास आहे, आणि जागा खपते ती नावावर. भरतीला हे 'बेट' पाण्याखाली जातं. गुडघाभर पाण्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भजीची गाडी उभी दिसली तर ते बेटच समजावं.

इथेच विहिरीत शिकलेल्या पोहणाऱ्याची फसगत होते. खाडीत लाट नसते पण ओढ असते. ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी त्या एका चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडतं आणि वर सपाट दिसणारं पाणी कमरेखाली धरून खेचतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडातल्या मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले ८ जण गेले. त्या जागा उघड्या समुद्राच्या होत्या हे खरं, पण पाण्याची वेळ पाहण्याचा नियम दोन्हीकडे एकच.

ती वेळ काढायचा कोकणातला हिशोब कालनिर्णय हाताशी असला की भागतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास; पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. तासाभराचा फरक पडू शकतो, पण अंदाजाला पुरतो. खाडीत उतरायचं ते भरती पुरी होत आली असताना. पाणी तेव्हा थबकतं. ओहोटी लागली की बाहेर. निवतीकडे खडकातल्या डबक्यांचं उलटं आहे. ती ओहोटीला उघडी पडतात, आणि तिथे पायात काहीतरी हवंच, कारण कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात.

देवबागकर मात्र पावसाळ्याच्या तोंडावर वेगळ्याच मोजणीत असतात: यंदा किती माड गेले. समुद्राकडून किनारा खचतो, खाडीकडून वाळूउपशाचा वाद चालतो. मध्ये रस्ता, शाळा, घरं आणि निवासाच्या पाट्या. समुद्राच्या बाजूला काळ्या दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे टाकले आहेत. दगड आला की मागची वाडी वाचते, पण पुढची पुळण आक्रसत जाते आणि लाटेचा मार बंधारा संपतो तिथल्या घराला बसतो. मग तो घरवाला आपल्यापुढेही बंधारा मागतो. त्याच्या अंगणापुढची जागा कालपरवापर्यंत रापणीची होती.