मनाउसला जाताना खिडकी डावीच घ्यायची?

‘ॲमेझॉनच्या जंगलावरून जाताना डावी खिडकीच घ्या’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. ब्राझीलमधल्या मनाउसजवळ काळसर रिओ निग्रो आणि गढूळ, दुधाळ चहासारखी सोलिमोइस या नद्या भेटतात आणि सुमारे 6 किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. सगळ्यांना पाहायचा असतो तो हाच संगम.

तो विमानतळाच्या आग्नेयेला आहे आणि धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम. विमान पूर्वेकडून उतरलं तर संगम डावीकडे येतो. पण परतताना पूर्वेकडे उड्डाण केलं की तोच उजवीकडे! आणि पश्चिमेकडून उतरलात तर तो वाटेतच लागत नाही. दिशा ठरवतो प्रामुख्याने वारा. तुमचं तिकीट नव्हे.

बाजूपेक्षा ओळ महत्त्वाची. पंखावरची खिडकी मिळाली तर जंगलाऐवजी पत्रा बघत बसाल. वेळही पाहा: दुपारी जंगलावर ढग दाटतात, रुंद नदीवर मात्र आकाश बरेचदा मोकळं राहतं. मी तरी सकाळचं विमान आणि पंखापुढची जागा घेईन, बाजू कुठलीही असो.