गावाला अधिकार दिले की मागास भाग आपोआप पुढे येतो?

"सगळी सत्ता मुंबईतून काढून गावाला द्या, विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष आपोआप भरेल" हे कितीतरी वर्षं ऐकतोय, पण ते अर्धंच खरं आहे. जिल्हा परिषदा आपल्याकडे 1962 पासून आहेत, पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली, तरी दरी काही बुजली नाही ना. कारण साधं आहे, घरपट्टी वसूल करायचा अधिकार हिंजवडीलाही आहे आणि मेळघाटातल्या गावालाही, पण हिंजवडीत आयटी कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि तिकडे मातीची घरं, मग कोणाच्या तिजोरीत किती येणार तुम्हीच बघा! नुसते कराचे अधिकार दिले तर फरक उलट वाढतो. वरून येणारा पैसा गरज बघून वाटला तरच कमी होतो, आणि केंद्राचा पैसा राज्यांत कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या 15व्या वित्त आयोगाने तर स्थानिक संस्थांचा निधी राज्यांत वाटताना 90 टक्के वजन लोकसंख्येला आणि 10 टक्के क्षेत्रफळाला दिलं, गरिबीला वेगळं काहीच नाही.

अधिकार नकोत असं मी अजिबात म्हणत नाहीये. केरळने 1996 मध्ये राज्याच्या विकास योजनेच्या पैशातला 35-40 टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं, पण तिथे अधिकारासोबत पैसा आणि माणसंही खाली गेली. आपल्याकडे एकेका ग्रामसेवकाच्या (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) गळ्यात दोन-तीन गावं, त्याने दाखले द्यायचे की विकास आराखडा करायचा?