एकच बटण की पसंतीक्रम? मुंबईच्या प्रभागांचे गणित

26 जून 2024 रोजी विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघात मतदान झाले, ते यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर. अशा निवडणुकीत केंद्रावरच जांभळे स्केच पेन मिळते. आवडत्या उमेदवारापुढे 1 लिहायचा, वाटल्यास इतरांपुढे 2, 3 असे पुढचे आकडे. अक्षरी ‘एक’ लिहिले, बरोबरची खूण केली किंवा 1 दोघांपुढे टाकला, की मत बाद. म्हणजे पसंतीक्रमाचे मतदान मुंबईला ठाऊक आहे. ते पदवीधर, शिक्षक आणि लोकप्रतिनिधींपुरते राहिले आहे, एवढेच. नगरसेवक निवडतानाही ते वापरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबई महापालिकेचे 227 प्रभाग आहेत. प्रत्येकात एकच जागा, ज्याला सर्वांत जास्त मते तो नगरसेवक. पाच तगडे उमेदवार उभे राहिले तर 30 टक्के मतांवरही जागा निघते. अशा लढतीत आपली गठ्ठा मते बाहेर काढली आणि समोरच्याची फोडली की पुरते. उरलेल्या वस्तीशी बोलण्याची गरजच पडत नाही. भाषा, जात किंवा धर्मावरून तेढ वाढवणे फायद्याचे ठरते ते इथेच. 2017 मध्ये गिरगावातल्या प्रभाग 220 मध्ये भाजप आणि शिवसेनेच्या उमेदवारांना प्रत्येकी 5,946 मते पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लावावा लागला. त्या प्रभागात इतरांना मत देणारेही होते. या दोघांपैकी त्यांना कोण चालला असता, हे मतपत्रिकेने विचारलेच नव्हते.

ठाण्यात किंवा पुण्यात चार सदस्यांचे प्रभाग असतात, मग तिथे सगळ्यांना प्रतिनिधित्व मिळत असेल, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात उलट घडते. तिथे अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागा असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी एक मत देतो. प्रभागात 40 टक्के मते एका पॅनेलमागे ठाम उभी असतील आणि बाकीची विखुरली असतील, तर तेच 40 टक्के चारही जागा घेऊन जातात. प्रभाग मोठा केला, मोजणी तीच ठेवली, तर अन्याय चौपट होतो.

मोजणी बदलली तर काय होते ते पाहू. मुंबईत मतदार ढोबळमानाने एक कोटी, म्हणजे प्रभागामागे सुमारे 45 हजार. चार प्रभाग जोडले आणि मतदान 55 टक्क्यांच्या आसपास झाले, तर साधारण 1,00,000 वैध मते पडतील. निवडून येण्याचा कोटा काढायचा तो असा: वैध मते भागिले (जागा अधिक 1), वर 1. इथे तो 20,001. समजा, एकीला पहिल्या पसंतीची 26,000 मते मिळाली. ती निवडून आली, पण 5,999 मते जादा उरली. ती वाया घालवायची नाहीत. तिच्या सगळ्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे लावायच्या. समजा 24,000 पत्रिकांवर दुसरी पसंती आहे, तर त्यातली प्रत्येक सुमारे पाव मताच्या किमतीने पुढे जाते. जादा मते संपली की सर्वांत मागच्या उमेदवाराला बाद करायचे आणि त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीकडे वळवायच्या. चार जागा भरेपर्यंत फेऱ्या चालतात. आमदार विधान परिषदेचे सदस्य याच तत्त्वावर निवडतात: जुलै 2024 मध्ये 11 जागांसाठी 274 मते होती, म्हणून पहिल्या पसंतीची 23 मते मिळाली की जागा पक्की.

यात दोन गोष्टी साधतात. 20 टक्क्यांहून थोडी जास्त मते असलेला कोणताही गट आपला माणूस पाठवू शकतो. आणि शेवटच्या फेऱ्यांत दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर जागा ठरत असल्याने, शेजारच्या वस्तीला शिव्या देऊन आलेल्या उमेदवाराला तीच वस्ती महागात पडू शकते. एकच जागा ठेवून नुसता पसंतीक्रम आणला तर यातली दुसरी गोष्ट काही अंशी साधेल, पहिली नाही. म्हणून किमान तीन ते पाच जागा हव्यात. आयर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी प्रत्येक मतदारसंघात तेवढ्याच असतात. तरी जादूची अपेक्षा नको. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत 1998 पासून हीच पद्धत आहे आणि पक्ष अजूनही बहुतांशी समाजांनुसारच विभागलेले आहेत. पद्धत दार उघडते, पाऊल माणसांनाच टाकावे लागते.

अडचणी खऱ्या आहेत. अनेकजण फक्त 1 लिहून थांबतात. तो उमेदवार बाद झाला की ते मत निकामी होते. सध्याच्या यंत्रात क्रम नोंदवता येत नाही, त्यामुळे कागद लागेल आणि मोजणी लांबेल. स्कॉटलंडमध्ये 2007 पासून अशा कागदी मतपत्रिका स्कॅन करून मोजतात, तो मार्ग आपल्याला सोयीचा. आरक्षण सांभाळणे हा सर्वांत नाजूक भाग. चारपैकी दोन जागा महिलांच्या असतील, तर स्पर्धेत फक्त आवश्यक तेवढ्याच महिला उरल्यावर त्यांना बाद करायचे नाही, आणि खुल्या जागा भरल्या की उरलेल्या पुरुष उमेदवारांना थांबवायचे, असा नियम मोजणीतच लिहावा लागेल. अनुसूचित जाती-जमातींसाठीही तसेच.

या शहराने असे प्रयोग पाहिले आहेत. 1937 च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या अनेक जागांच्या मतदारसंघांत जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. त्यामुळे संख्येने लहान समाजालाही आपला माणूस निवडून आणता येई. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर मुंबई शहरातून विधानसभेवर गेले. पुढे जानेवारी 1949 मध्ये संविधान सभेत त्यांनीच प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या अशा पद्धतींना, विरोध केला: साक्षरता कमी आहे आणि सरकारे अस्थिर होतील, ही त्यांची कारणे. लोकसभेबाबत दुसरे कारण आजही वजनदार आहे. मुंबई महापालिकेत मात्र ते लागू पडत नाही. इथे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. सभागृहात कोणाचेही बहुमत नसले तरी प्रशासन कोसळत नाही.

यासाठी संविधान बदलावे लागेल असेही दिसत नाही. कलम 243-आर ला प्रभागांतून थेट निवडणूक हवी आहे. मते कशी मोजायची हे ते सांगत नाही. 1888 चा मुंबई महानगरपालिका अधिनियम आणि निवडणुकीचे नियम राज्य पातळीवर बदलता येतात. त्याआधी एखाद्या नगरपरिषदेत ही पद्धत एक निवडणूकभर चालवावी आणि प्रत्येक फेरीचा तक्ता जाहीर करावा: किती मते बाद झाली, किती निकामी झाली, कोणाची मते कोणाकडे गेली.