वाकळ मशीनवर शिवताना दोरा कुठला घ्यावा

घट बसायच्या आधी आपल्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. कराडला प्रीतिसंगमावर बघा, माहुलीला बघा नाहीतर सांगलीत कृष्णेच्या घाटावर, वाकळा, म्हणजे जुन्या कापडाच्या गोधड्या, भिजवून दगडावर आपटणं चाललेलं असतं. कोरडी असताना एकटीनं उचलता येणारी वाकळ भिजली की दोघींना दोन टोकं धरून पिळावी लागते, आणि त्या वेळी सगळा ताण येतो टाक्यांवर, कारण कापडाचे सहा-सात थर पाणी पिऊन एकमेकांवरून सरकायला बघतात आणि त्यांना जागेवर धरून ठेवायला दोऱ्याशिवाय दुसरं काहीच नसतं. आता बऱ्याच घरांत वाकळ हातानं धावदोरा घालून न शिवता मशीनवर शिवतात, पण रीळ मात्र ब्लाउजला लावलेलं असतं तेच राहतं, रंग जुळला की झालं. मला वाटतं इथंच जरा थांबून बघायला पाहिजे.

सुती दोऱ्याची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, तो ओला झाला की कमजोर होत नाही, उलट थोडा जास्त मजबूत होतो. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. कोरड्या तंतूत काही साखळ्या जास्त ताणलेल्या असतात, काही सैल, त्यामुळं ओढ बसली की जास्त ताणलेल्या आधी तुटतात. पाणी आत शिरलं की त्या थोड्या सरकू शकतात आणि ओढ बऱ्याच साखळ्यांमध्ये वाटली जाते. रेयॉन पण सेल्युलोजच आहे, पण त्यातल्या साखळ्या आखूड आणि कमी शिस्तीत रचलेल्या असतात, पाणी त्यांच्यामध्ये घुसलं की पकडच सुटते आणि साधा रेयॉन ओला असताना जवळपास निम्मी ताकद घालवून बसतो. म्हणून रेयॉनचा तो चकचकीत एम्ब्रॉयडरीचा दोरा कितीही सुंदर दिसला तरी वाकळीच्या आरपार टाक्याला लावू नका, वरच्या नक्षीला ठीक आहे.

सुती दोरा घेताना मर्सराइज्ड बघून घ्या. 1844 साली इंग्लंडमध्ये जॉन मर्सरला दिसलं की कापूस कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात घातला की तंतू फुगतो. एरवी कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा चपटा असतो, तो फुगून गोल होतो, रंग जास्त पितो आणि त्याची ताकद पण वाढते. दोऱ्याला ताण देऊन ही क्रिया केली की वर चमकसुद्धा येते, हे पुढं 1890 च्या सुमारास कळलं. आणि कापूस लांब धाग्याचा असावा. आखूड तंतूचा दोरा असला की त्याची टोकं जागोजागी बाहेर येतात, टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये आणि बॉबिन केसखाली पांढरा भुसा साठतो आणि मग आपण मशीनला दोष देत बसतो.

पॉलिस्टरचा दोरा 1941 मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये बनवला, आणि आज कुठल्याही गावातल्या दुकानात जे साधं रीळ मिळतं ते बहुतेक स्पन, म्हणजे आखूड तंतू कातून केलेलं, पॉलिस्टरच असतं. वाईट अजिबात नाही. तेवढ्याच जाडीच्या सुती दोऱ्यापेक्षा मजबूत, घासटीला टिकणारं, बुरशीनं न कुजणारं. तासगावकडं बेदाण्याच्या शेडची जाळी शिवायची असेल तर मी दुसरा कुठला दोरा सुचवणारच नाही, तिथं ऊन, वारा आणि सततची ओढ असते, सुती दोरा किती दिवस टिकणार?

पण वाकळीचं तसं नाही. वाकळीत जातात आजीची लुगडी, जुनी धोतरं, आईच्या सुती साड्या, म्हणजे शेकडो वेळा धुतलेलं, ऊन खाऊन विरत आलेलं कापड. आता प्रश्न असा की ओढ बसली तर आधी काय तुटावं, दोरा का कापड? दोरा तुटला तर दहा मिनिटांत परत टाका घालता येतो, आजीचं लुगडं फाटलं तर ते कुठून आणायचं? त्यामुळं शिवण कापडापेक्षा किंचित कमजोर असावी, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुन्या सुती कापडावर जाड आणि दणकट पॉलिस्टर दोरा घातला की पिळताना तो स्वतः तुटत नाही, सुईच्या भोकापाशी कापडाला फाडत जातो. पॉलिस्टर सुती कापड करवतीसारखं कापतं असं पण बोललं जातं, ते मात्र तितकंसं खरं नाही, घासून कापड झिजवण्यात टाक्यांत अडकलेल्या धुळीचा आणि वाळूच्या कणांचा वाटा मोठा असतो. खरी अडचण ताकदीच्या फरकाची आहे.

आणि हल्लीच्या वाकळा बघितल्या तर त्यात निम्म्या साड्या सिंथेटिक असतात. तिथं नियम उलटा लावा, पॉलिस्टरच घ्या. सुती दोरा पहिल्या धुण्यात थोडा आटतो, सिंथेटिक साडी आटत नाही, मग शिवणीच्या कडेनं चुण्या पडतात. मात्र पॉलिस्टर दोरा तुटायच्या आधी सुती दोऱ्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो, म्हणून टेन्शन कडक ठेवून शिवलं तर दोरा ताणलेला असतानाच टाक्यात बसतो आणि शिवून झाल्यावर आखडायला लागतो, परत चुण्या. पॉलिस्टर लावला की वरचं टेन्शन जरा ढिलं करायचं.

आता पीळ. मशीनचा शटल, म्हणजे सुईखाली फिरणारा आकडा, फिरताना दोऱ्याला एका बाजूला वळवत राहतो, आणि टाक्यात कायमचा बसायच्या आधी दोऱ्याचा तोच तुकडा सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा खाली-वर जाऊन येतो. पीळ उलट्या दिशेचा असेल तर तो हळूहळू उकलतो, पदर सुटे होतात आणि नेढ्यापाशी दोरा पिंजून तुटतो. साध्या शिलाई मशीनला झेड पीळ लागतो, म्हणजे दोरा उभा धरला की पदर झेडच्या मधल्या तिरक्या रेषेसारखे दिसतात. हातभरतकामाचे काही दोरे नेमके उलट्या पिळाचे असतात. घरी ओळखायचं असेल तर दोरा आडवा धरा, डाव्या चिमटीत घट्ट पकडा आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं वरच्या बाजूनं स्वतःकडं लाटा, पीळ घट्ट झाला तर झेड, सुटायला लागला तर ते रीळ हातकामाला ठेवा.

रिळावर 50/3 किंवा 40/2 असं लिहिलेलं असतं. दुसरा आकडा पदरांचा, पहिला सुताचा नंबर, आणि हा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. नंबर 50 म्हणजे 840 यार्डाच्या 50 लडी मिळून एक पौंड वजन. म्हणजे 50/3 हा 50/2 पेक्षा जाड, हे नीट बघा, कारण 50 तेच दिसतं म्हणून दोन्ही सारखेच समजून घेतले जातात. वाकळीला सुती 40/3 किंवा 50/3 बरा पडतो.

जाड दोरा घेतला की सुई पण बदलायलाच पाहिजे. सुईवरचा 90 म्हणजे 0.9 मिलिमीटर जाडी, 100 म्हणजे 1 मिलिमीटर, त्यालाच जुन्या नंबरात 14 आणि 16 म्हणतात. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा मागं दोऱ्याचा फुगा तयार होतो आणि शटलचं टोक त्या फुग्यातून जातं, टाका असा पडतो. दोरा नेढ्यात दाटून बसला की फुगाच होत नाही आणि टाके सुटतात. सुई मशीनमधून काढा, वीतभर दोऱ्यात ओवा, दोरा तिरका ताणून धरा, सुई आपोआप घसरत खाली आली पाहिजे, अडकली तर एक नंबर मोठी घ्या. सहा-सात थरांच्या वाकळीला मी 100 च्या खाली जाणार नाही.

अख्खी वाकळ शिवायला घ्यायच्या आधी त्याच जुन्या कापडाचे तेवढेच थर घेऊन वीतभर नमुना शिवा. तो भिजवा, दोघींनी धरून पिळा, वाळवा आणि मग शिवणीच्या आडवं जोरात ओढा. दोरा आधी तुटला तर जमलं. सुईच्या भोकांच्या रेषेवर कापडच फाटत गेलं तर दोरा जास्त दणकट आहे किंवा टाके फार जवळ पडलेत, टाके जवळ पडले की तेवढ्याच जागेत भोकं जास्त होतात. टाक्याची लांबी 3 मिलिमीटरच्या वर न्या, बारीक रीळ लावा आणि परत एक नमुना शिवून बघा.