बिळांची मोजदाद

प्रेअरी डॉग हा खरं तर खारीच्या कुळातला, बिळं करून राहणारा प्राणी. भुंकल्यासारखा ओरडतो, म्हणून नावात कुत्रा आला. अमेरिकेच्या मध्यभागातल्या माळरानांवर गुरं चारणाऱ्यांशी त्याचं वैर सव्वाशे वर्षांचं. त्याच्या मुळाशी एक गुणाकार आहे.

अमेरिकी कृषी खात्याच्या 1901 च्या वार्षिकात प्राणिशास्त्रज्ञ सी. हार्ट मेरियम यांनी लिहिलं की 256 प्रेअरी डॉग एका गाईइतकं गवत खातात. हे प्रमाण शरीराच्या आकारावरून काढलेलं. कुरणात कुणी मोजलेलं नव्हतं. टेक्सासमधली एक वसाहत 250 मैल लांब आणि 100 मैल रुंद सांगितली जाई. एकरी 25 प्राणी धरले की 40 कोटी झाले. भागा 256 नं: साडेपंधरा लाखांवर गाईंचा चारा! शिरगणती न करता आलेला हा आकडा पशुपालकांच्या तोंडी बसला नसता तरच नवल. कॅन्ससमध्ये तर 1901 मध्येच निर्मूलनाचा कायदा झाला. मग स्ट्रिक्निन हे विष लावलेलं धान्य, पुढे झिंक फॉस्फाईड. आपल्याकडे शेतातल्या उंदरांना घालतात तेच, आणि युक्तीही तीच: आधी साधं धान्य टाकून चटक लावायची, मग विषारी. एकेकाळी आठ-दहा कोटी एकरांवर असलेल्या काळ्या शेपटीच्या जातीच्या वसाहती 1961 च्या पाहणीत 3,64,000 एकरांवर आल्या. पाहणी करणारं खातं विष घालणारंच होतं.

घाव एकट्या विषाचा नव्हता. 1896 मध्ये मुंबईत शिरलेली प्लेगची साथ 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचली, तिथून रानातल्या पिसवांत मुरली. प्लेग आला की अख्खी वसाहत काही आठवड्यांत ओस पडते.

1998 मध्ये काळ्या शेपटीच्या या जातीला कायद्याचं संरक्षण मिळावं असा अर्ज झाला आणि राज्यांना मोजणी करणं भाग पडलं. विमानानं सरळ रेषेत उडायचं, रेषेचा किती भाग वसाहतीवरून जातो ते टिपायचं. पण प्लेगनं रिकामी झालेली बिळंही वरून तशीच दिसतात. म्हणून खाली उतरून ताज्या लेंड्या पाहाव्या लागतात. 2004 मध्ये आकडा 18 लाख 40 हजार एकर निघाला, 2009 मध्ये 24 लाख, आणि संरक्षणाची गरज नाही असं ठरलं. हे एकर झाले. त्यात जीव किती, हे त्यावरून कळत नाही.

वाचवायचं की मारायचं, हा गुंता साउथ डकोटा राज्यातल्या कोनाटा खोऱ्यात एकाच कुरणात दिसतो. प्रेअरी डॉगवरच जगणारा, नामशेष झाला असं मानलेला आणि 1981 मध्ये वायोमिंगमध्ये पुन्हा सापडलेला काळ्या पायांचा फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा मांसाहारी प्राणी, तिथे सोडला आहे. 2008 मध्ये प्लेग आला, तेव्हा पिसवा मारायला बिळाबिळांत कीटकनाशक फुंकलं गेलं. शेजारच्या खाजगी कुंपणालगत मात्र 2004 पासूनच सरकारी माणसं विषारी धान्य टाकत होती.