अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालताना: पात्रता, कागदपत्रं आणि पहिला आठवडा

कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांची असोसिएट डिग्री देणाऱ्या आणि तिथून विद्यापीठात जाता येणाऱ्या कॉलेजचा, अर्ज भरायला बसलेली मराठी मुलं आणि त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावणारे आईबाबा बहुतेक वेळा नको त्या गोष्टीची काळजी करतात. टक्के पुरतील का, पहिल्या यादीत नाव लागेल का? इथे यादीच लागत नाही. हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं शिक्षण असलं, की बहुतेक सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत प्रवेश मिळतोच. कॅलिफोर्नियात तर वयाची १८ वर्षं पूर्ण झाली असतील तर डिप्लोमा नसला तरी चालतं. अपवाद नर्सिंग, रेडिओलॉजी, डेंटल हायजीन अशा अभ्यासक्रमांचा. तिथे जागा मोजक्या, अर्ज वेगळा आणि चुरस खरीखुरी असते.

म्हणजे काळजी करायचीच असेल तर दोन गोष्टींची करावी. कॉलेज आपल्याला कोणत्या खान्यात टाकतं (राज्याचा रहिवासी की बाहेरचा), आणि आपण कोणती तारीख चुकवतो. फी, आर्थिक मदत आणि पुढे विद्यापीठात जायची वाट यातलं बरंचसं या दोनच गोष्टींवर ठरतं.

आधी खाना ठरवा

कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजात रहिवासी विद्यार्थ्याला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. (युनिट किंवा क्रेडिट म्हणजे विषय किती मोठा ते मोजायचं माप.) पूर्णवेळ म्हणजे एका सेमिस्टरला किमान १२ युनिट, म्हणजे ५५२ डॉलर. असोसिएट डिग्रीची ६० युनिट धरली तर दोन वर्षांची मूळ फी २,७६० डॉलर होते. पुस्तकं, पार्किंग आणि किरकोळ आकार वेगळे. राज्याचा रहिवासी नसलेल्याला याच युनिटवर जादा फी पडते, आणि आकडा कित्येक पटींनी वाढतो. वर्ग तोच, बाकही तोच.

रहिवासी ठरण्यासाठी तिथे टर्म सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदांवरून दिसावं लागतं. राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न, घरभाड्याचा करार, वीजबिल, गाडीचं रजिस्ट्रेशन हे ते कागद. विद्यार्थी १८च्या आतला आणि अविवाहित असेल तर आईवडिलांचा रहिवास बघतात. इतर राज्यांचे नियम आपापले आहेत. मेरीलँड आणि न्यू जर्सीत काउंटीप्रमाणे फी बदलते, टेक्ससमध्ये कॉलेजच्या डिस्ट्रिक्टप्रमाणे. शेजारच्या काउंटीतलं कॉलेज चार मैल जवळ आहे म्हणून तिथे नाव घालायच्या आधी दोन्हीकडचे फीचे तक्ते शेजारी ठेवून बघा.

एक इशारा. रहिवासाच्या पुराव्यांच्या यादीत ‘मतदार नोंदणी’ असंही लिहिलेलं असतं. नागरिक नसाल तर त्या वाटेला जाऊ नका. ग्रीन कार्ड असलं तरी नाही. यादीतला प्रत्येक कागद द्यावा लागत नाही, पण नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवलं तर पुढे इमिग्रेशनमध्ये ते फार महागात पडतं.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांना शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. पूर्णवेळ शिका किंवा एखादाच विषय घ्या. कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांना रहिवासी दर्जाही मिळू शकतो. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे इथे आलेल्या आणि वर्क परमिटची वाट बघत घरी बसलेल्या माणसाने अकाउंटिंगचा एखादा विषय घेऊन बघावा, यासारखा स्वस्त सौदा नाही असं माझं मत आहे. मुलांच्या बाबतीत मात्र २१व्या वाढदिवसाकडे लक्ष हवं. त्या दिवशी एच-४ संपतो. ग्रीन कार्ड हातात आलं नसेल तर सहसा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, आणि एफ-१ म्हटलं की बहुतेक ठिकाणी रहिवासी फीचा हक्क जातो. मुलगा अकरावीत आहे तेव्हाच हे गणित घरात मांडून ठेवलेलं बरं.

अर्ज आणि नावाचा घोळ

अर्ज ऑनलाइन असतो आणि कॅलिफोर्नियात त्याला पैसे पडत नाहीत. तिथे ‘सीसीसी अप्लाय’वर एकदा खातं उघडलं की राज्यातल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजला अर्ज करता येतो. इतरत्र कॉलेजच्या स्वतःच्या साइटवर फॉर्म असतो. जवळ काय ठेवायचं? पासपोर्ट, इमिग्रेशनचा सध्याचा कागद (ग्रीन कार्ड, किंवा एच-४ असेल तर देशात आल्याची नोंद असलेला आय-९४), सोशल सिक्युरिटी नंबर असल्यास तो, गेल्या दोन वर्षांतले पत्ते तारखांसकट, आणि शाळेचा तपशील. सोशल सिक्युरिटी नंबर नसल्यामुळे प्रवेश अडत नाही.

आपल्याकडच्या मुलांचं गाडं हमखास अडतं ते नावाशी. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. समजा, मार्कशीटवर ‘कुलकर्णी आदित्य प्रकाश’ आहे. पासपोर्टमध्ये आडनावाच्या रकान्यात कुलकर्णी आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात ‘आदित्य प्रकाश’ एकत्र. आता कॉलेजच्या फॉर्ममध्ये फर्स्ट, मिडल आणि लास्ट असे तीन रकाने समोर येतात. कुणी प्रकाश मधल्या रकान्यात टाकतं, कुणी गाळूनच टाकतं, आणि मार्कशीट बघून भरणाऱ्याचं कुलकर्णी हे पहिलं नाव होऊन बसतं. मग ट्रान्स्क्रिप्ट (गुणांची अधिकृत नोंद) एका नावाने, आर्थिक मदत दुसऱ्या नावाने, आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरमध्ये दोन आदित्य. उपाय सोपा आहे. पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर जे नाव जसं आहे तसंच सगळीकडे लिहा. त्या दोहोंत फरक असेल तर आधी कार्ड दुरुस्त करून घ्या, कारण आर्थिक मदतीच्या अर्जातलं नाव सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ताडून बघतात.

भारतातली बारावीची मार्कशीट सगळीच कॉलेजं मागतात असं नाही. पण तिथे कॉलेजची एक-दोन वर्षं झाली असतील आणि ती क्रेडिट इथे धरली जावीत असं वाटत असेल, तर गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं. कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल ते कॉलेज सांगतं. ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आणि भारतातल्या विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट मिळवण्यात किती चकरा होतात ते मी वेगळं सांगायला नको. नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन ते काम आधीच मार्गी लावा.

काही राज्यांत लसीकरणाचा दाखलाही लागतो. न्यूयॉर्कमध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेला यांचा, टेक्ससमध्ये २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना मेनिंजायटिसच्या लसीचा. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड फाटलं-हरवलं असेल तर रक्ताची चाचणी करून गोवराची प्रतिकारशक्ती दाखवता येते.

अर्ज गेल्यावर विद्यार्थी क्रमांक आणि कॉलेजचा ईमेल मिळतो. बनावट अर्जांचा सुळसुळाट झाल्यापासून ओळख पटवण्याची मागणी करणारे मेल येऊ लागले आहेत. ते स्पॅममध्ये पडून राहिले तर अर्जही तिथेच पडून राहतो.

फाफ्सा: पालकांचा नव्हे, विद्यार्थ्याचा दर्जा

केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज म्हणजे फाफ्सा. नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेले असे काही गट पात्र ठरतात. एच-४ आणि एफ-१ वाले नाहीत. पण एक गैरसमज आपल्या लोकांत पक्का रुजलेला आहे, तो काढून टाका. आईवडील एच-१बी वर असले आणि मुलगी इथे जन्मलेली नागरिक असली, तर मुलगी अर्ज करू शकते. पालकाला सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी त्याला आपलं खातं उघडता येतं. बघतात तो विद्यार्थ्याचा दर्जा. पालकांची फक्त आर्थिक स्थिती बघतात, आणि उत्पन्न दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून.

२०२५-२६ साठी पेल ग्रँट जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. ही रक्कम परत फेडायची नसते. घरचं उत्पन्न जास्त असेल तर ती मिळणार नाही, हे खरं. तरीही फॉर्म भरावा, कारण राज्याच्या आणि कॉलेजच्या कित्येक शिष्यवृत्त्या याच फॉर्मवरून ठरतात. आयआरएसकडून (केंद्राच्या कर खात्याकडून) टॅक्सची माहिती घ्यायला संमती द्यायचा रकाना असतो. ‘आपली खाजगी माहिती कशाला द्या’ म्हणून बाबांनी तिथे नकार दिला, की केंद्राची मदत बंद.

मिळालेली मदत टिकवावीही लागते. बहुतेक कॉलेजं २.० जीपीए (४ पैकी सरासरी गुण) आणि घेतलेल्या क्रेडिटपैकी सुमारे दोन तृतीयांश पूर्ण होणं ही अट लावतात. पहिल्याच टर्मला हौसेने पाच विषय घेऊन तीन सोडणाऱ्याला हा फटका बसतो.

भारतातून एफ-१ वर येत असाल तर

इथे क्रम महत्त्वाचा. अर्ज कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे, वेगळ्या फॉर्मवर आणि वेगळ्या मुदतीत करायचा. मार्कशीट, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि निदान पहिल्या वर्षाचा खर्च भागेल असे बँकेचे कागद दिले की कॉलेज आय-२० पाठवतं, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला. मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची) ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, १८५ डॉलर व्हिसा अर्जाची फी आणि मुलाखत. या रकमा बदलतात, तेव्हा भरायच्या आधी सरकारी साइटवर ताजा आकडा बघून घ्या. टर्म सुरू होण्याआधी ३० दिवसांच्या आत, त्याहून लवकर नाही, देशात येता येतं.

मुलाखतीत ‘कम्युनिटी कॉलेजच का?’ हा प्रश्न येणार असं धरूनच चाला. ‘स्वस्त आहे म्हणून’ एवढ्यावर थांबू नका. दोन वर्षांनी कोणत्या विद्यापीठात कोणत्या विषयाला जायचं आणि त्यासाठी इथले कोणते विषय लागतात, हे कागदावर तयार ठेवा. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या साइटवर कुठला विषय कुठे धरला जातो ते दिसतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसांत ठरलेल्या अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी मिळते. त्याचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये करायचा. बर्कली आणि लॉस एंजेलिस या योजनेत नाहीत.

आल्यावर दर टर्मला १२ क्रेडिट हवीत, आणि त्यात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. विषय जड जातोय म्हणून परस्पर सोडला आणि १२च्या खाली गेलात, तर प्रश्न गुणांचा न राहता व्हिसाचा होतो. आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारा. टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. एजंट सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट म्हणजे असोसिएट डिग्रीवर वर्षभराची ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी) मिळू शकते, पण विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग आणि गणितवाल्यांना असलेली २४ महिन्यांची स्टेम मुदतवाढ मिळत नाही. ती बॅचलरपासून पुढे.

नावनोंदणी ते पहिला आठवडा

सेमिस्टर पद्धतीत फॉल ऑगस्टच्या मध्यापासून-अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, स्प्रिंग जानेवारीपासून मेपर्यंत, आणि मध्ये छोटी समर टर्म. वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत क्वार्टर (सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्म) असतात, तिथे फॉल सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो. ऑगस्ट हुकला तरी वर्ष फुकट जात नाही. सेमिस्टरच्या मध्यावर सुरू होणारे आठ आठवड्यांचे वर्ग बऱ्याच कॉलेजांत असतात.

अर्ज मंजूर झाला म्हणजे वर्गात जागा मिळाली असं नाही. आधी ओरिएंटेशन, मग कौन्सेलरबरोबर बसून विषयांचा आराखडा, मग तुम्हाला दिलेल्या तारखेला विषय निवडायचे. गणित-इंग्रजीची पातळी ठरवायला कॅलिफोर्नियात आता सहसा प्रवेशपरीक्षा घेत नाहीत, शाळेतले गुण बघतात. ज्यांनी ओरिएंटेशन टाळलं किंवा फी बाकी ठेवली त्यांच्या खात्यावर ‘होल्ड’ लागतो, म्हणजे नोंदणी अडते, आणि विषय निवडायच्या सकाळी ते कळतं. फी मुदतीत न भरल्यास घेतलेले विषय काढून टाकणारी कॉलेजंही बरीच आहेत.

आईबाबांसाठी एक गोष्ट. मूल कॉलेजात गेलं की १९७४च्या फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याप्रमाणे त्याच्या नोंदींवर हक्क त्याचाच, वय १७ असलं तरी. तुम्ही ऑफिसला फोन करून ‘फी मी भरतो, मार्क सांगा’ म्हटलंत तरी पलीकडची बाई नम्रपणे नाहीच म्हणेल. मुलाने लेखी संमतीचा फॉर्म भरून दिला तर बोलतील. तो भरायचा की नाही, हे ठरवणं आता त्याच्याकडे.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा सिलॅबस मिळतो. त्यात परीक्षांच्या तारखा, गुणांची विभागणी आणि प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा असतात. कॉलेजच्या कॅलेंडरमधून आणखी तीन तारखा उतरवून घ्या. फी परत मिळून विषय सोडायची, गुणपत्रिकेवर खूण न राहता सोडायची, आणि ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची गुणपत्रिकेवरची खूण) घेऊन सोडायची. वर्गात जाणं थांबवलं म्हणजे विषय सुटला असं होत नाही. नाव तसंच राहिलं तर शेवटी ‘एफ’, म्हणजे नापासाचा शेरा, येऊ शकतो.

वर्ग भरलेला असेल तर वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी तरीही जाऊन बसा. नोंदणी करूनही न आलेल्यांची नावं प्राध्यापक सहसा पहिल्याच दिवशी कापतात. त्या जागांवर नाव घालायचे ‘ॲड कोड’ समोर बसलेल्यांना मिळतात. कोड मिळाला की त्याच दिवशी पोर्टलवर टाका, त्याचीही मुदत असते.